मुलांच्या इतिहासांत आमचा आजा कोठें आहे ?

ठाणें हें गांव आपल्या मुलांस एका गोष्टीसाठीं पाठ असतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईच्या बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत हिंदुस्थानांतली पहिली उतारूंची आगगाडी धांवली. मुलांच्या पुस्तकांत या प्रसंगाचें चित्र असतें, तोफांची सलामी असते, १४ डबे व ४०० पाहुणे असतात, आणि साहिब, सिंध व सुलतान या तीन एंजिनांचीं नांवेंही असतात. एंजिनांस नांवें आहेत. पण ज्या हातांनीं भराव टाकला, खाडीच्या चिखलांत दगड उतरविले, पाट्या वाहिल्या, त्या हातांस नांव नाहीं, गांव नाहीं, मजुरीचा दर नाहीं. पुढें १८५४ सालीं हाच लोहमार्ग कल्याणास पोंचला आणि बोरघाट फोडून १८६३ सालीं देशावर चढला. त्या घाटांत हजारों मजूर पटकीनें व अपघातानें मेले. तरी मूल पुस्तक मिटतें तेव्हां त्याच्या मनांत एवढेंच उरतें कीं, साहेब आला आणि त्यानें आगगाडी आणली !

वाचकहो, आगगाडीवर आमचा राग नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मुलाच्या हातीं आपण इतिहासाचें पुस्तक देतों तेव्हां त्यांत त्याचें घर असावें. कुणब्याच्या, आगऱ्याच्या, कोळ्याच्या, कुंभाराच्या, लोहाराच्या पोरानें तें उघडावें आणि त्यास कळावें कीं, हें सर्व घडत होतें तेव्हां माझे पूर्वज येथेंच होते, अमुक काम करीत होते, अमुक खात होते व अमुक सोशीत होते. हें आज होत नाहीं. गड, लढाया, तहाचीं वर्षें, राजांच्या वंशावळी, यांनीं पानें भरतात. आणि ‘लोक कसे राहतात’ असें म्हणून जें एखादें पान येतें, त्यावर शेतकरी म्हणजे मुंडासें बांधलेला एक हंसरा माणूस, शेजारीं एक गुबगुबीत बैल, मागें डोंगरांतून उगवणारा सूर्य ! या हंसऱ्या माणसाचा सातबारा कोणाच्या नांवावर आहे, बियाणें त्यानें कोणाकडून उचललें, पाऊस गेला तर तो काय खातो, हें मुलानें विचारावयाचें नाहीं. कुंभार दिसतो तो चाकावर हात ठेवूनच. त्यास माती कोठून मिळते आणि ती खणण्यास आतां कोण आडवा येतो, तें पुस्तक लिहिणारानें त्याला विचारलेलें नसतें. १८८३ सालीं जोतीरावांनीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हां कुणब्याचें घर, त्यांतलें अंथरूण-पांघरूण, भांडींकुंडीं, सारें डोळ्यांपुढें उभें केलें होतें. त्या दारिद्र्याचें एवढें खरें चित्र काढण्याची रीत मराठींत तेव्हांपासून आहे. मुलांच्या पुस्तकांनीं मात्र ती घेतली नाहीं.

ठाण्याचीच गोष्ट पुढें चालवूं. १८४८ हें साल घ्या. त्या वर्षीं जोतीरावांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली, हें आतां पुष्कळ मुलांस ठाऊक असतें. त्याच वर्षीं २ मे रोजीं, सावकार आणि इंग्रज या दोघांविरुद्ध उठलेला महादेव कोळी वीर राघोजी भांगरे यास ठाण्याच्या तुरुंगांत फांशी दिलें. आणि त्याच वर्षीं, त्याच ठाण्यांत, एका गरीब फुलमाळ्याच्या घरीं नारायण मेघाजी लोखंडे जन्मले. थोडें शिकून ते रेल्वेंत व टपालखात्यांत नोकरीस लागले, पुढें मुंबईंत मांडवीच्या गिरणींत गेले आणि तेथें मजुरांचे हाल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले. कृष्णराव भालेकरांनीं पुण्यास १८७७ सालीं काढलेला ‘दीनबंधु’ १८८० पासून लोखंड्यांनीं मुंबईहून चालविला. १८८४ सालीं ५,५०० मजुरांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. १८९० च्या एप्रिलांत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें १०,००० मजूर जमले आणि त्या सभेंत दोन मजूर बायांनींही भाषणें केलीं. त्यानंतर जून महिन्यांत गिरणीवाल्यांनीं आठवड्याची सुटी कबूल केली. १८९७ सालीं प्लेगच्या साथींत लोकांची सेवा करतांना लोखंडे स्वतःही त्याच रोगानें गेले. २००५ सालीं सरकारनें त्यांचें टपालाचें तिकीट काढलें. ज्या खात्यांत त्यांनीं नोकरी केली होती त्याच खात्याचें तिकीट, हा एक योगच म्हणावयाचा.

आतां ठाण्यांतल्या पोरांस विचारा कीं, लोखंडे कोण ? दहांतलीं किती सांगतील, तें तुम्हीच पाहा. हल्लीं मोबाईलवर असा मजकूर फिरतो कीं, साऱ्या हिंदुस्थानाची रविवारची सुटी लोखंड्यांनीं मिळवून दिली. हें बरोबर नव्हे. सरकारी कचेऱ्यांस रविवार आधींपासून मोकळा होता. ज्यांस तो नव्हता त्या गिरणीकामगारांस लोखंड्यांनीं तो मिळवून दिला, आणि याच गोष्टींत त्यांचा मोठेपणा आहे. कचेरींतल्या कारकुनास विश्रांति, आणि बारा-बारा तास साच्यावर उभ्या राहणाऱ्या बाईस नाहीं, हा अन्याय मुलास समजावून द्या. तें लगेच समजतें. पण खोटी फुगवटी केली तर उद्यां तेंच मूल मोठें होऊन तुमच्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवणार नाहीं.

कल्याणाकडे वळूं. कल्याण म्हटलें कीं सुभेदाराच्या सुनेची गोष्ट, हें ठरलेलें. गोष्ट गोड आहे. पण समकालीन कागदांत तिला भक्कम आधार सांपडत नाहीं, असें इतिहाससंशोधक सांगतात. शिवछत्रपतींची स्त्रियांविषयींची करडी नजर दाखविण्यास ती लागतही नाहीं. रांझ्याच्या पाटलानें बदअमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडविल्याचें १६४६ चें पत्र आहे. राज्याभिषेकाच्या, म्हणजे १६७४ च्या, सुमारास चिपळूणजवळच्या छावणीस लिहिलेलें दुसरें पत्र तर मुलांच्या प्रत्येक पुस्तकांत असावें असें आम्हांस वाटतें. त्यांत तलवार नाहीं. त्यांत गवत आहे, दाणा आहे, रात्रीं दिव्याची पेटती वात उंदरानें ओढून नेली तर गंजीस आग लागेल ही काळजी आहे, आणि शिपायांनीं कुणब्याच्या घरचें भाजीपाल्याचें देंठही उपटूं नये ही ताकीद आहे. राज्य कशावर चालतें तें या एका पत्रांत जितकें उघड होतें तितकें दहा लढायांच्या वर्णनांत होत नाहीं. जोतीरावांनीं १८६९ सालीं शिवाजी महाराजांचा पवाडा रचला तो कुणबी, माळी, महार, मांग यांस उपयोगी पडावा म्हणून, हें त्यांनींच सांगून ठेविलें आहे. १९८८ सालीं गोविंद पानसऱ्यांनीं लहानसें पुस्तक करून रयतेचा राजा लोकांपुढें ठेविला. तें हातोहात गेलें. खरा इतिहास विकला जात नाहीं, असें म्हणणाऱ्या प्रकाशकांनीं त्याच्या आवृत्त्या मोजाव्या.

आणि कल्याणाचें दुसरें अंग राहूनच जातें. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी स्वराज्यांत आली आणि दुर्गाडीच्या पायथ्याशीं खाडींत जहाजें बांधण्यास आरंभ झाला. हें वाक्य पुस्तकांत असतें. पण जहाज म्हणजे काय मंत्र म्हणून उभें राहतें ? लांकूड कोणी तोडलें, खाडीपर्यंत कोणी ओढलें, फळ्या कोणी तासल्या, खिळे कोणत्या लोहारानें ठोकले, शीड कोणी विणलें ? एखाद्या सुताराच्या पोरानें हें वाचून बापास विचारावें कीं, फळ्यांच्या फटींत पाणी शिरूं नये म्हणून काय भरीत असत, आणि बापानें तें सांगावें. त्या घरांत त्या दिवशीं बापाची किंमत वाढेल. आज शाळेंत जाणारें पोर बापाचा धंदा चारचौघांत सांगावयास लाजतें. या लाजेला पुस्तकांचा हातभार लागलेला आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, तुमच्या कारागिरांचा इतिहास सांगण्यास साधनें कोठें आहेत ? साधनें आहेत, पण शोधणारास दिसतात. कान्हेरीच्या लेण्यांत जा. अठराशें वर्षांपूर्वींचे दगडांतले लेख तेथें आहेत आणि दान देणारांत कल्याणचा सोनार आहे, कल्याणचा लोहार आहे. म्हणजे त्या काळीं आमच्या कल्याणच्या लोहाराजवळ दान देण्याइतका पैसा होता, आणि आपलें नांव दगडांत कोरून घेण्याइतका मान होता ! मार्को पोलो तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहितो कीं, ठाण्याहून कातडीं आणि कापड परदेशीं जातें. तीं कातडीं कमावणारे आणि तें कापड विणणारे कोणीतरी होतेच ना ? १८८२ सालीं सरकारनें ठाणें जिल्ह्याचें गॅझेटिअर छापलें. त्यांत आमच्या पणज्यांचीं शेतें, पिकें, जाती, धंदे, मीठ, कर्ज, सारें लिहून ठेविलें आहे. तें इंग्रजींत आहे आणि साहेबाच्या अंमलदारांस राज्य करतां यावें म्हणून लिहिलें आहे. राज्य करण्यासाठीं आम्ही कसे राहतों हें जाणणें साहेबास जरूर वाटलें. आमच्याच मुलांस तें सांगण्याची जरुरी मात्र आमच्या लेखकांस वाटूं नये, हें आश्चर्य नव्हे काय?

राबाचेंच पाहा. भाताचें रोप टाकण्यापूर्वीं डहाळ्या, पालापाचोळा, गवत, शेण यांचा थर देऊन जमीन भाजावयाची, ही आमच्या ठाणें-कुलाब्याकडची रीत. इंग्रजांनीं जंगलें राखीव केलीं आणि डहाळी तोडणें गुन्हा ठरलें. राब नाहीं तर रोप नाहीं, रोप नाहीं तर लावणी नाहीं. रयतेनें इतका ओरडा केला कीं, सरकारला ठाणें व कुलाबा जिल्ह्यांसाठीं जंगल-चौकशीचें मंडळ नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं छापला गेला. एका मूठभर पाचोळ्यासाठीं आमच्या आज्यापणज्यांनीं सरकारास चौकशी करावयास लाविली, ही गोष्ट मुलांस रंजक वाटणार नाहीं ? आमच्या मतें ती फार रंजक आहे. तींत शेती आहे, कायदा आहे, पोलीस आहे, आणि पोटाचा प्रश्न आहे.

तसेंच मीठ. दांडीची यात्रा प्रत्येक मुलास ठाऊक. पण मीठ होतें कसें ? उधाणाचें पाणी उघाडींतून आंत घ्यावयाचें, एका खाचरांतून दुसऱ्यांत फिरवून उन्हानें दाट करावयाचें, आणि शेवटल्या कोंडींत दाणा धरला म्हणजे तो ओढून काढावयाचा. या कामांत तळपाय चिरतात, डोळे उन्हानें जळतात. आगर राखणारा तो आगरी. ठाण्याच्या खाडीकांठीं मिठागरें होतीं. त्यांतलीं कितीएक आतां भरावाखालीं गेलीं व त्यांवर इमारती उभ्या आहेत. त्या इमारतींतल्या मुलास खालीं काय होतें हें माहीत नाहीं आणि शेजारच्या गांवठाणांतल्या आगऱ्याच्या मुलासही माहीत नाहीं. पहिल्याचें आम्ही समजूं शकतों. दुसऱ्याचें दुःख होतें. कल्याण-डोंबिवलीच्या महानगरपालिकेंत १९८३ सालीं २७ गांवें घातलीं, २००२ सालीं काढलीं, २०१५ सालीं पुन्हां घातलीं. या गांवांतलें पोर ‘तूं कोठला ?’ या प्रश्नाला काय उत्तर देईल, कोण जाणे !

आणि हा जिल्हा एकट्या आगरी-कुणब्यांचाही नव्हे. भिवंडीच्या मागांवर उत्तरेकडून आलेल्या मोमिनांच्या पिढ्या खपल्या. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणच्या लष्करी छावणींत येऊन पडले आणि त्या छावणीचें १९४९ सालीं उल्हासनगर झालें. आमच्या मुलांनीं त्यांचें घर कसें मोडलें व कसें बसलें, हेंही वाचावें. शेजारी कोण आहे हें कळलें म्हणजे त्याच्याविषयीं कोणी कांहींही सांगितलें तरी पोर एकदम विश्वास ठेवीत नाहीं.

आतां एक कडू गोष्ट. बहुजनांचा इतिहास म्हणून हल्लीं जातीजातींचीं पुस्तकें निघतात आणि त्यांत प्रत्येक जात कोणा ना कोणा राजाच्या वंशांतली निघते ! आम्हांस हें मान्य नाहीं. दुसऱ्यानें लिहिलेली बढाई वाईट आणि आपण लिहिलेली चांगली, असा न्याय नसतो. ज्या आज्यानें खांद्यावर नांगर वाहिला त्याला कागदावर मुकुट घातल्यानें त्याचा मान वाढत नाहीं. नांगराचा मान तेवढा कमी होतो. शिवाय अशा पुस्तकांत आपल्यापेक्षां खालीं दाबलेल्या माणसाची हकीकत कधींच येत नाहीं. ठाणें जिल्ह्याच्या उत्तर भागांत, जो २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत मोडतो, वारली लग्नासाठीं जमीनदाराकडून थोडे रुपये घेई आणि त्यापायीं तो व त्याची बायको वर्षानुवर्षें त्याच्या घरीं राबत. त्यास लग्नगडी म्हणत. १९४५ सालीं हे वारली उठले, तेव्हां कोठें ती वेठ मोडली. गोदावरी परुळेकरांनीं १९७० सालीं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकांत हें सारें लिहिलें. तें मोठ्यांसाठीं आहे. दहा वर्षांच्या मुलास समजेल असें त्याचें पुस्तक घराघरांत असावयास पाहिजे. त्यांत हेंही स्पष्ट यावें कीं, वारली, कातकरी, महार, मांग यांस दाबणारांत सावकार-जमीनदार होते तसे आमच्यांतले गांवकीचे पुढारीही होते. विहिरीवरून कोणी कोणाला हांकलून दिलें, हें मुलापासून लपवून काय मिळवावयाचें आहे ?

मुलांस असलें कडू सोसत नाहीं, असें शिकलेले लोक म्हणतात. त्यांनीं मुक्ता साळवे आठवावी. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेंतली मांगाची मुलगी, वय अवघें चौदाच्या आसपास. १८५५ सालीं तिचा निबंध ‘ज्ञानोदया’ंत छापला. महार-मांगांनीं काय काय भोगलें, पायाभरणींत माणसें कशीं पुरलीं, बाळंतपणांत डोक्यावर छप्परही नसे, हें त्या पोरीनें लिहिलें. लोक कसे राहतात या विषयावर मराठींत इतकें खरें लिखाण क्वचित् असेल, आणि तें एका मुलीनें लिहिलेलें आहे. जें लिहिणें चौदा वर्षांच्या मुलीस पेललें तें वाचणें आमच्या मुलांस पेलणार नाहीं काय ?

पुस्तक हातीं पडण्याचा परिणाम काय होतो याचा दाखला दूरचा नाहीं. १९०७ सालीं मुंबईंत भीमराव आंबेडकर नांवाचा एक मुलगा मॅट्रिक झाला. त्याच्या सत्कारसभेंत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनीं स्वतः लिहिलेलें गौतम बुद्धाचें चरित्र त्यास भेट दिलें. त्याच केळुसकरांनीं शिवछत्रपतींचेंही मोठें चरित्र लिहिलें. १९५६ सालीं नागपुरास जें घडलें त्याची पहिली मुळी त्या भेटींत असावी, असें मानण्यास जागा आहे. शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या बापास दंड ठेविला. मूल त्या सक्तीनें शाळेंत गेलें. त्याचें घर पुस्तकांत आणण्याचें काम मागें राहिलें.

कांहींच झालें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. १९६७ सालीं बालभारती निघाली. तिनें तिसरीच्या मुलांसाठीं परिसर अभ्यासाचीं जिल्हावार पुस्तकें काढलीं, तें उत्तम काम होय. १९७१ पासून ‘किशोर’ मासिक स्वस्तांत घरीं येतें. नॅशनल बुक ट्रस्टचीं पुस्तकेंही थोड्या पैशांत मिळतात. पण जिल्ह्याच्या पुस्तकांत गांवाच्या वांट्याला ओळ येते ती एकच, आणि तीही देवळाची. बाकीचें आपलें आपणच केलें पाहिजे. यास मोठा पैसा लागत नाहीं. शिवजयंतीस आमचीं मंडळें कर्ण्यांच्या भिंती भाड्यानें आणतात; त्यांतल्या एका रात्रीच्या खर्चांत बत्तीस पानांचें पुस्तक छापून निघेल. मोठीं अक्षरें, साधी भाषा, आणि गांवच्या बोलींतले शब्द जसेच्या तसे : उघाडी, खाजण, राब, आवण. छापण्यापूर्वीं मजकूर त्या त्या कारागिरास वाचून दाखवावा आणि तो म्हणेल तेथें खोडावा. जुने दाखले पाहण्यास लांब जावें लागत नाहीं. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभें आहे. तेथें जावें, गॅझेटिअर मागावें, आणि इंग्रजी जाणणाऱ्या पोरानें घरच्या म्हाताऱ्यास मराठींत सांगावें. म्हातारा त्यांत चार चुका दाखवील, त्याही लिहून घ्याव्या.

मात्र हें काम पुढल्या वर्षावर ढकलूं नये. ज्यांनीं मिठागरांत स्वतः पाय घातले, हातमागावर बसले, चेंदणीच्या कोळीवाड्यांतून होडी घेऊन खाडींत गेले, तीं माणसें आतां ऐंशीच्या घरांत आहेत. बायांस तर कोणी कांहीं विचारलेलेंच नाहीं. लावणीच्या दिवसांत मूल कोठें निजवीत असत, जात्यावर किती दळीत, मासळीची पाटी घेऊन पहांटे कोणती गाडी धरीत, हें ज्या आजीस ठाऊक आहे तिच्यापाशीं या उन्हाळ्याच्या सुटींत पोरांस वही देऊन बसवावें.